कारखान्याचे सांडपाणी आणि सभासदाची विहीर

साखर कारखाना हा उद्योग असला तरी तो शहराचा उद्योग नव्हे. तोडलेला ऊस फार काळ पडून राहिला तर त्यातील साखर घटू लागते. म्हणून कारखान्यालाच उसाजवळ जाऊन राहावे लागते. प्रवरानगर, कोळपेवाडी, सोनई, भेंडे, अमृतनगर ही अहिल्यानगर जिल्ह्यातील (जुन्या वहिवाटीने नगर जिल्ह्यातील) नावे जिल्ह्याबाहेर ओळखली जातात ती मुख्यतः कारखान्यांमुळे. शहरातील कारखाना आपले सांडपाणी नगरपालिकेच्या गटारात सोडून मोकळा होऊ शकतो. औद्योगिक वसाहतींत कोठे कोठे सर्व कारखान्यांचे मिळून एक सामुदायिक प्रक्रिया केंद्र असते. शिवारातल्या साखर कारखान्याला यांपैकी काहीच उपलब्ध नाही. त्याच्या कुंपणापलीकडे ओढा असतो, ओढ्याच्या काठी शेत असते आणि शेतात विहीर. जे पाणी तो खराब करील ते त्याने आपल्याच आवारात शुद्ध केले पाहिजे, याला दुसरा मार्ग नाही.

हा प्रश्न अभियंत्यांचा आहे असे समजून सर्वसाधारण सभासद तो सोडून देतो. परंतु सांडपाणी शुद्ध करण्याच्या रीती आता बहुतांशी ठाऊक झालेल्या आहेत. त्या अमलात कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या देखरेखीखाली आणावयाच्या, हे मात्र अद्याप नीट ठरलेले नाही. हा प्रश्न अर्थशास्त्राचा, आणि त्यातही सहकाराच्या अर्थशास्त्राचा आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रोज पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना म्हणजे रोज सुमारे ३५ लाख लिटर पाणी उसाबरोबर आपल्या दारात आणणारा कारखाना. यातील काही भाग बगॅसच्या ओलीत जातो. उरलेला रस आटवताना वाफ होऊन निघतो आणि ती वाफ थंड केली की पुन्हा पाणी हाती येते. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी अशा पर्जन्यछायेतील तालुक्यांना ज्या जिल्ह्यात पाण्याची वाट पाहावी लागते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. हे पाणी निगुतीने वापरले तर कारखान्याला हंगामात कालव्याकडे किंवा नदीकडे फारसे पाहावे लागू नये. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांसाठी जे मानक ठरवले, त्यात टनामागे शंभर लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि शीतकरणाच्या व्यवस्थेतून निघणारे आणखी शंभर लिटर, एवढीच मुभा ठेवली आहे. जमिनीवर सोडावयाच्या पाण्यात सेंद्रिय घाणीचे माप, ज्याला ‘बीओडी’ म्हणतात, लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत, आणि नदीनाल्यात सोडावयाचे असल्यास तीस मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे. पंधरा दिवसांचे प्रक्रिया केलेले पाणी मावेल असा, तळाला अस्तर घातलेला साठवण तलावही हवा.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात अडचण अशी की, हे पाणी शुद्ध करण्याचे काम यंत्रांपेक्षा जिवाणूंवर अवलंबून असते. गिरणीचे तेल-ग्रीस वेगळे काढणे, चुन्याने आम्लता मारणे, निरनिराळ्या वेळी येणारे पाणी एका टाकीत एकसारखे करणे, ही कामे माणूस करतो. विरघळलेली साखर खाऊन टाकण्याचे मुख्य काम हवा भरलेल्या टाकीतील जिवाणूच करतात. कारखाना पाच-सहा महिने चालतो आणि उरलेले महिने बंद राहतो. बंद काळात या जिवाणूंना अन्न मिळत नाही. म्हणून बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याच्या काही आठवडे आधीपासून टाकीत शेणकाला घालून, युरियासारखे पोषण देऊन त्यांची वाढ करून घ्यावी लागते. ही पूर्वतयारी झाली नाही तर मोळी टाकण्याचा समारंभ थाटात होतो, गाळप सुरू होते आणि पहिले काही आठवडे प्रक्रिया केंद्र नावापुरते उभे राहते. रस आटवण्याची भांडी कॉस्टिक सोड्याने धुतली जातात त्या दिवशी तर तीव्र क्षाराचा लोंढा येतो आणि सिद्ध झालेली टाकीही कोलमडू शकते. अशा वेळी जाणता, कायम नेमणुकीचा माणूस लागतो. हंगामी नोकराला चार महिन्यांत ही विद्या साधत नाही. परंतु काटकसरीची वेळ आली की जेथे साखर तयार होत नाही अशा विभागावरच पहिली कात्री चालते, हा सर्वच उद्योगांतील अनुभव आहे.

साखरेच्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे ते आसवनीचे सांडपाणी. साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क आणि आता इथेनॉल तयार होते. (शेतकरी मळी हा शब्द गाळून उरलेल्या चिखलासारख्या प्रेसमडलाही वापरतो, येथे तो पातळ, काळ्या मळीपुरता योजला आहे.) एक लिटर मद्यार्कामागे सुमारे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. तो गरम, आम्लधर्मी, काळसर तपकिरी असतो. त्याचा बीओडी लिटरमागे चाळीस ते साठ हजार मिलिग्रॅमपर्यंत असू शकतो. या आकड्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रोज साठ हजार लिटर मद्यार्क काढणारी एक मध्यम आसवनी घेतली आणि लिटरमागे दहा लिटर स्पेंट वॉश व ४५ हजार मिलिग्रॅम बीओडी धरला, तर रोजची सेंद्रिय घाण २७ टन होते. एका माणसाच्या मैलापाण्यात रोज सुमारे ४५ ग्रॅम बीओडी असतो. म्हणजे प्रक्रियेपूर्वी या एका आसवनीचा भार सहा लाख वस्तीच्या शहराएवढा झाला. २०११ च्या जनगणनेत खुद्द नगर शहराची लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख होती. शहराच्या मैलापाण्यासाठी महापालिका, कर, अनुदान, अभियंते अशी सारी व्यवस्था असावी लागते. शिवारातल्या आसवनीला तेवढेच ओझे एकटीने पेलावे लागते.

सुदैवाने या ओझ्यात धनही आहे. हवाबंद टाकीत स्पेंट वॉश कुजवला तर एका घनमीटरमागे पंचवीस-तीस घनमीटर बायोगॅस मिळतो आणि बीओडी ऐंशी-नव्वद टक्क्यांनी उतरतो. वरील उदाहरणातील आसवनीला रोज पंधरा हजार घनमीटरहून अधिक इंधन यातून मिळावे. बायोगॅसच्या बाबतीत कारखान्यांना फारसे सांगावे लागत नाही, कारण तेथे शुद्धीकरण आणि लाभ एकाच दिशेने जातात. पुढचा टप्पा मात्र कठीण आहे. गॅस काढल्यावर उरलेल्या पाण्यातही लिटरमागे काही हजार मिलिग्रॅम बीओडी असतो. मळीतून आलेला गडद रंग जिवाणूंना दाद देत नाही. आणि क्षार जेवढे होते तेवढेच राहतात.

या उरलेल्या पाण्याचे काय करावयाचे? रूढ उत्तर असे की, ते प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट खत करावे. खत चांगले होते, शेतकरी ते नेतो, यात शंका नाही. पण बेरीज-वजाबाकी करून पाहिली की हे उत्तर अपुरे ठरते. प्रेसमड उसाच्या सुमारे चार टक्के निघतो. पाच हजार टनांचा कारखाना १६० दिवस चालला तर सुमारे ३२ हजार टन प्रेसमड मिळेल. एका टनाने अडीच घनमीटर पाणी पचवले असे धरले तरी ८० हजार घनमीटर पाण्याचीच सोय होते. उदाहरणातील आसवनी मात्र वर्षात तीनशे दिवस चालली तर १ लाख ८० हजार घनमीटर स्पेंट वॉश काढील. म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्याला खतात जागाच नाही. त्यात पावसाळ्यात कंपोस्टचे काम बंद ठेवावे लागते. जे पाणी खतात मावत नाही आणि जे आटवण्याची यंत्रणा नाही, ते साठवण खड्ड्यांत राहते. आणि जून-जुलैमध्ये मोठा पाऊस झाला की खड्डा भरून ओढ्याला लागतो. ओढ्याचे पाणी एका रात्रीत काळे होण्याच्या तक्रारी पावसाळ्याच्या तोंडाशी का वाढतात, याचे उत्तर या साध्या त्रैराशिकात आहे. प्रत्येक वेळी कोणी रात्री झडप उघडलेली असते असे नाही. क्षमतेपेक्षा अधिक आसवणी केली गेलेली असते.

तिसरा मार्ग आटवून जाळण्याचा. बहुटप्पी बाष्पीभवनाने स्पेंट वॉश काकवीसारखा दाट करावयाचा आणि खास बॉयलरमध्ये बगॅस किंवा कोळशाबरोबर जाळावयाचा. बाहेर थेंबही जात नाही, वाफ मिळते आणि राखेत पालाश उरते. देशाला लागणारे पालाश जवळजवळ सर्वच परदेशातून येते, हे लक्षात घेता ही राख टाकाऊ नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मळीपासून मिळणाऱ्या पालाशाचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरवून दिला तो याच कारणासाठी. या मार्गाचा दोष एकच, तो महाग आहे. लहान आसवनीला तर तो परवडणारच नाही. तथापि जून २०१८ मध्ये इथेनॉलसाठी व्याज अनुदानाची जी केंद्रीय योजना आली, तीत नव्या आसवनीबरोबर अशा बॉयलरचाही स्पष्ट समावेश होता. इथेनॉलच्या लाटेत जिल्ह्यात आणि राज्यात आसवणीची क्षमता वाढली. सार्वजनिक पैशाच्या व्याजावर ती वाढली असेल, तर तिच्याबरोबर पाणी संपवण्याची क्षमता किती वाढली हे विचारण्याचा अधिकार करदात्यालाही पोहोचतो.

कायद्यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी पाच वर्षे केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. २००३ मध्ये केंद्रीय मंडळाने आसवन्यांना २००५ अखेर नदीनाल्यांत पाणी सोडणे पूर्णपणे थांबवण्याची मुदत दिली. २०१४ पासून साखर व आसवनी या दोन्ही उद्योगांना पाण्याची अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवून आकडे मंडळाकडे पाठवणे भाग पडले. परंतु हे यंत्र नळाच्या तोंडाशी बसते. जमिनीखालून जे झिरपते ते त्याला दिसत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण एकसंध नाही. मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून पाणी वाट काढते. त्यामुळे एका शेतकऱ्याची विहीर तपकिरी होते आणि शेजाऱ्याची स्वच्छ राहते, आणि ज्याची विहीर गेली त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखाली चोपण झालेल्या जमिनींचा इतिहास या जिल्ह्याला नवा नाही. त्या जमिनींत आणखी क्षारांची भर परवडणारी नाही. एकदा बिघडलेले भूजल किती काळ बिघडलेले राहते याचे उदाहरण राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाने दिले आहे. तेथील रासायनिक कारखाने बंद झाले, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी असा गाजलेला निर्णय दिला. पण विहिरींचे पाणी निकालाबरोबर निवळले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले की, कारखान्याच्या खर्चाचा जो भाग शेजाऱ्यावर पडतो तो कारखान्याच्या हिशेबात येत नाही; तो कराच्या रूपाने त्याच्यावर घालावा. चाळीस वर्षांनी कोसने वेगळा विचार मांडला. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च फार नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांतच मार्ग काढू शकतील, असे त्याचे म्हणणे. दोघांच्या विवेचनात घाण करणारा एक आणि घाण सोसणारा दुसरा, हे गृहीत आहे. सहकारी साखर कारखान्यात हे गृहीतच लागू पडत नाही. ज्याची विहीर खराब होते तोच बहुधा कारखान्याचा भागधारक असतो. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा पहिला अध्यक्ष झाला, तेव्हा सहकाराकडून हीच अपेक्षा होती की, उत्पादक आणि मालक एक झाल्यावर परस्परांची पिळवणूक उरणार नाही. या न्यायाने सहकारी कारखान्याचे पाणी खासगी कारखान्याहून स्वच्छ असावयास हवे होते.

तसे सर्रास दिसत नाही. कारण ‘सभासद’ हा एकजिनसी वर्ग नाही. टनामागे दहा रुपये अधिक मिळाले तर ते कार्यक्षेत्रातील हजारो सभासदांना मिळतात. सांडपाण्याची झळ मात्र ओढ्याच्या काठच्या पाच-पन्नास विहिरींनाच लागते. सभेत प्रत्येकाला एक मत आहे. पाच-पन्नास मतांनी ठराव बदलत नाही, आणि दर हा सगळ्यांचा विषय असल्याने सभेचा वेळ दरातच जातो. शेजारच्या कारखान्याने किती दर दिला यावर संचालक मंडळाची निवडणूक ठरते. अशा स्थितीत एखाद्या मंडळाने स्वतःहून प्रक्रिया केंद्रावर भरपूर खर्च केला तर त्याला दर कमी द्यावा लागेल आणि त्याची शिक्षा पुढच्या निवडणुकीत भोगावी लागेल. यात कोणा संचालकाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. स्पर्धेचे रूपच असे आहे की चांगले वागणाऱ्याचे नुकसान व्हावे.

ज्यांना मतच नाही त्यांची गोष्ट आणखी वेगळी. ओढ्याकाठचा अल्पभूधारक, ज्याच्याकडे ऊसच नाही. शेतमजूर, ज्याची गुरे ओढ्यावर पाणी पितात. आणि बीड-पाथर्डीकडून येऊन हंगामभर कोप्यांत राहणारे ऊसतोड मजूर. यांचे पिण्याचे पाणी बहुधा आसपासच्या विहिरीचेच असते. आणि प्रवरा-गोदावरीच्या खाली जायकवाडीवर अवलंबून असलेला मराठवाडा आहे. वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडावे यावर प्राधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत वाद झाले. ते पाणी कसे असावे यावर त्या मानाने फार थोडे बोलले गेले.

कारखाने कर्जात आहेत, रास्त व किफायतशीर दर देतानाच त्यांची दमछाक होते, मग हा बोजा कसा पेलणार, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप खोटा नाही, पण त्याचे आकारमान पाहिले पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. त्यातील दहा रुपये म्हणजे एक टक्क्याचा तिसरा हिस्साही नव्हे. हंगामात आठ लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात टनामागे दहा रुपये वेगळे ठेवले तर वर्षाला ८० लाख रुपये जमतात. एवढ्यात आटवून जाळण्याचा प्रकल्प उभा राहणार नाही; पण प्रक्रिया केंद्राचे कायम कर्मचारी, बंद काळातील देखभाल, साठवण तलावांची अस्तरे आणि विहिरींची तपासणी यांचा बराचसा भार त्यातून उचलता येईल. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण राज्याने स्वीकारलेलेच आहे; तेव्हा कल्पना अपूर्व नाही. मात्र ही रक्कम एकेका कारखान्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. वर सांगितलेली दराची स्पर्धा तिला टिकू देणार नाही. साखर आयुक्तालयाने ती सर्व कारखान्यांना, सहकारी आणि खासगी, एकाच वेळी लागू केली तरच कोणी मागे पडणार नाही. गाळप परवाना देताना जशी इतर देण्यांची चौकशी होते, तशीच प्रक्रिया केंद्र हंगामाआधी सिद्ध झाले आहे काय, याचीही व्हावी. आसवनीची क्षमता वाढवण्यास संमती देताना वरच्यासारखे त्रैराशिक मांडून घेतल्याशिवाय कागद पुढे सरकू नये.

पैसा आला तरी देखरेख कोणाची, हा प्रश्न उरतो. मंडळाचा अधिकारी वर्षातून दोन-चार वेळा येईल. ओढ्याकाठची माणसे रोज तेथेच असतात. कारखान्याभोवतालच्या ठरावीक विहिरींचे पाणी गाळपापूर्वी, गाळपानंतर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर असे तीनदा तपासले गेले पाहिजे. आणि नमुना घेताना त्या विहिरीचा मालक, मग तो सभासद असो वा नसो, हजर असला पाहिजे. तपासणीचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना सहज करता येईल. बीओडी, क्षार, पोटॅशियम, रंग या चाचण्या पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत आणि प्रयोगशाळेतील ठरीव नमुन्यांपेक्षा गावच्या विहिरीचे पाणी तपासण्यात त्याला अधिक गोडी वाटेल. यातील अडचण उघड आहे. यांपैकी बरीच महाविद्यालये ज्या संस्थांची आहेत, त्यांचे आणि कारखान्यांचे नेतृत्व पुष्कळदा एकच असते. म्हणून एका कार्यक्षेत्रातील विहिरी दुसऱ्या तालुक्यातील महाविद्यालयाने तपासाव्यात आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्यांतील काही नमुने पुन्हा तपासून पडताळा घ्यावा, एवढी सावधगिरी पुरेशी व्हावी.

हे आकडे कोठे छापावयाचे? वार्षिक अहवालात. गाळप, उतारा, शिल्लक साखर, कर्जे यांचे तक्ते त्यात बारकाईने दिलेले असतात. पर्यावरणाविषयी झालाच तर झाडे लावल्याचा एखादा परिच्छेद असतो. त्याऐवजी किती पाणी घेतले, उसातून किती मिळवले, किती सांडले, किती स्पेंट वॉश निघाला, त्यातील किती खतात गेला, किती जाळला, किती खड्ड्यांत शिल्लक आहे, आणि कोणत्या गावातील किती विहिरींचे पाणी कसे आढळले, एवढा एक तक्ता द्यावा. कारखान्यांच्या सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात, गाळप त्यानंतर सुरू होते. असा तक्ता मागण्याचा प्रश्न सभेपूर्वी लेखी देण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. आणि जिल्ह्यातील कितीतरी शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांच्या घरी वडिलांच्या किंवा चुलत्याच्या नावाचा एक तरी भाग असतो.